हॅलोवीनची कागदी सजावट: भोपळा कलतो, जाळं तुटतं, वटवाघळं गळतात

पिवळंपान

नमस्कार मंडळी,

३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनसाठी एक खोली सजवायची आहे आणि जे काही करायचं ते कागदाचंच. मेजावर चार-पाच भोपळे, खिडकीला पानगळीच्या रंगांतल्या पानांच्या माळा, भिंतीवर वटवाघळांचा थवा, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं आणि एक कंदील. माल आहे तो असा: ए-फोर रंगीत कार्डशीट (१६० आणि २२० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम; आकडा मोठा तसा कागद जाड), टिश्यू पेपर, साधा ८० जीएसएम कागद, पांढरा गोंद, ग्लू स्टिक, कटर, मॅट, स्टीलची पट्टी.

अडलंय कुठे ते सांगते. पट्ट्यांचा भोपळा एका अंगाला कलतो आणि पट्ट्यांना गोलाई न येता मध्येच कोपरे पडतात. टिश्यूचा जाळीदार भोपळा (मधमाशीच्या पोळ्यासारखा उघडतो तो) उघडतच नाही, ओढला की फाटतो. जाळं कापून उलगडलं की हातात तुकडे येतात. वटवाघळं दोन दिवसांत जमिनीवर. व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण मापं कुणी सांगत नाही. मापं आणि कारणं दोन्ही हवी आहेत.

दाबरेघ

पट्ट्यांच्या भोपळ्यापासून सुरू करतो, कारण त्यातला दोष पुढे वटवाघळांत आणि कंदिलातही भेटणार आहे. तो दोष म्हणजे ग्रेन, कागदातल्या तंतूंची दिशा. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने पडलेले असतात. तंतूंना समांतर घडी घातली किंवा गुंडाळी केली तर कागद मुकाट वळतो. तंतूंच्या आडवं वळवलं की तो अडतो, आणि कार्ड जाड असेल तर घडीवर चिरतो.

ए-फोरमध्ये ग्रेन बहुधा लांब बाजूला समांतर असतो. म्हणजे २९.७ सेंमीच्या पट्ट्या कापल्या की तंतू पट्टीच्या लांबीत येतात आणि कमान देताना कोपरे पडतात. आखूड बाजूने २१ सेंमीच्या पट्ट्या कापा. कापण्याआधी खात्री करून घ्या: शीटमधून ४ सेंमीचा चौकोन काढा, त्यावर शीटच्या लांब बाजूची दिशा बाणाने दाखवा आणि एकच बाजू ओल्या बोटाने पुसा. चौकोन वळून नळीसारखा होईल. नळीची लांबी ज्या दिशेला, त्या दिशेला ग्रेन.

आता मापं. १६० जीएसएम, २१ सेंमीच्या पट्ट्या, दोन्ही टोकांपासून १ सेंमीवर भोक. भोकांमधलं १९ सेंमी अंतर म्हणजे गोळ्याचा अर्धा घेर, तेव्हा व्यास साधारण १२ सेंमी आणि पूर्ण घेर ३८ सेंमी. दीड सेंमी रुंदीच्या १२ पट्ट्या घेतल्या तर मध्ये पावणेदोन सेंमीच्या फटी राहतात आणि भोपळ्याऐवजी पिंजरा दिसतो. १६ घेतल्या तर फटी ९ मिमीवर येतात, हे चांगलं दिसतं. फटच नको असेल तर पट्टी होडीच्या आकाराची कापा: टोकाला १.२, मध्यावर २.६ सेंमी. अशा १६ पट्ट्या एकमेकींवर किंचित चढतात आणि गोळा बंद होतो.

कलण्याची कारणं दोनच. पहिलं, भोकं जागेवर नाहीत. एका पट्टीवर भोक पाडून तोच साचा धरा आणि चार-चार पट्ट्या एकत्र पंच करा. सोळाच्या सोळा एकदम केल्या तर गठ्ठा तीन मिलीमीटरहून जाड होतो, पंच वाकडा जातो. दुसरं, पसरवण्याचा क्रम. एकामागून एक अंदाजाने सरकवत गेलात की शेवटच्या पट्टीला एक तर जागा उरत नाही किंवा भगदाड उरतं. आधी सर्वांत वरची पट्टी जवळजवळ पूर्ण फिरवून पहिलीच्या शेजारी आणा, मग आठवी त्यांच्या बरोबर समोर, मग चौथी आणि बारावी, आणि मग उरलेल्या मधोमध. जुळलं की दोन्ही टोकांना गोंदाचा एकेक थेंब. पट्ट्या गुंफण्यापूर्वी प्रत्येक पट्टी स्टीलच्या पट्टीच्या कडेवरून एकदा ओढून तिला कमान द्या.

पितळी दोन पायांच्या पिना वापरणार असाल तर पाय २० मिमीचे तरी हवेत. पण त्यापेक्षा जाड दोरा आणि दोन्ही टोकांना मणी बरे, कारण दोरा ओढून वरचं-खालचं अंतर १२ वरून ८-९ सेंमीवर आणता येतं आणि भोपळा बसका होतो. खरा भोपळा असाच दिसतो, चेंडूसारखा गोल नाही. देठाला तपकिरी कागदाची ४ × ८ सेंमीची पट्टी ओलसर करून पिळा.

नाक-डोळे काढताना काळजी घ्या: प्रत्येक तुकडा एकाच पट्टीवर चिकटवा. दोन-तीन पट्ट्यांना एकत्र चिकटवलात की त्या बांधल्या जातात आणि गोळा तिथे चपटा पडतो.

मोजपट्टी

टिश्यूच्या भोपळ्याबद्दल. तो न उघडण्याचं कारण नव्वद टक्के वेळा पांढरा गोंद. टिश्यू १७ जीएसएमच्या आसपास असतो. ओला गोंद एका पानातून आरपार जाऊन तिसऱ्या पानाला धरतो आणि गठ्ठ्याची वीट होते. इथे ग्लू स्टिकच, तीही २-३ मिमी रुंदीच्या रेघेत. स्टिकची गोल बाजू पसरट पडते, म्हणून ती कटरने पाचरीसारखी तासून घ्या.

रचना अशी. भोपळ्याचा अर्धा भाग, म्हणजे अर्धवर्तुळ, एका बाजूला सरळ कड. गोंदाच्या रेघा या सरळ कडेला काटकोनात. पहिल्या पानावर रेघा ३-३ सेंमीवर. पुढच्या पानावरही ३-३ सेंमीवरच, पण दीड सेंमी सरकवून, म्हणजे आधीच्या रेघांच्या बरोबर मधोमध. आळीपाळीने असंच. खाली रेघांचा तक्ता ठेवा, एका रंगात पहिल्या जातीच्या रेघा, दुसऱ्या रंगात दुसऱ्या. टिश्यूतून तो दिसतो, दर वेळी मोजावं लागत नाही. चार-पाच पानं झाली की मात्र तक्ता दिसेनासा होतो. तेव्हा पाच-पाच पानांचे गट स्वतंत्र करा आणि मग गट एकमेकांना जोडा. जोडतानाही रेघांची जात आळीपाळीनेच आली पाहिजे. एकाच जातीच्या दोन रेघा लागोपाठ आल्या तर त्या जागी सलग भिंत होते आणि तिथेच फाटतं.

पानं किती? हा हिशेब कुणी देत नाही आणि म्हणूनच पुष्कळांचा गोळा अर्धवट राहतो. शेजारच्या दोन पानांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर पडू शकतं, तर एका रेघेपासून सरकवलेल्या रेघेपर्यंत जेवढं आहे तेवढं, इथे दीड सेंमी. १५ सेंमी व्यासाचा घेर ४७ सेंमी. वीस पानं घेतली तर २० × १.५ = ३०, गोळा कधीच पूर्ण व्हायचा नाही, ओढलात तर फाटणार. ४० पानांचे ६० होतात. कागद पार ताणला न जाता गोल पूर्ण व्हायला एवढी सवड लागतेच.

सगळं चिकटवून वजनाखाली तासभर. मग सरळ कडेपासून ३ मिमी आत सुईदोऱ्याने लांब टाके घाला, दोन्ही बाहेरच्या पानांना कार्डाचं अर्धवर्तुळ लावा आणि हळूहळू उघडा. आकार चिकटवल्यानंतर कापायचा असेल तर पातं नवं घ्या. बोथट पात्याने टिश्यूच्या कडा एकमेकींत दाबल्या जातात आणि त्या चिकटल्यासारख्या अडकतात.

यादीत नाही तरी सांगते, कारण हिशेब तोच आहे. पंख्यासारख्या घड्यांची गोल फुलं केलीत तर पट्टीची लांबी तिच्या रुंदीच्या सव्वासहापटीहून जास्त हवी, आठपट असली की निवांत. ७.५ सेंमी रुंद पट्टी असेल तर ए-फोरच्या दोन लांब पट्ट्या पुरतात (५९ सेंमी, लागतात ४७). साडेदहा रुंद घेतलीत तर लागतात ६६, तिथे दोन पट्ट्यांनी भागत नाही, फूल छत्रीसारखं वर उचललं जातं. तीन जोडा.

खळवाला

वरच्या दोन्ही प्रतिसादांना +१, पण दाबरेघ यांच्या गोंदाच्या थेंबाबद्दल थोडी असहमती. पुढच्या वर्षी भोपळा मिटवून ठेवायचा असेल तर टोकं चिकटवू नका. मण्याखाली दोन सेंमीची कार्डाची चकती घाला आणि दोरा ताणून गाठ मारा. दाबाने पट्ट्या जागच्या हलत नाहीत. गाठ सोडली की सगळा भोपळा पट्ट्यांच्या एका गठ्ठ्यात येतो.

गोंदाबद्दल एकूणच: पाण्याच्या गोंदाने कागद फुगतो आणि तो सगळ्या दिशांनी सारखा फुगत नाही, ग्रेनच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो. सुरकुत्या येतात त्या यामुळे. मोठ्या पृष्ठभागाला दुहेरी टेप किंवा ग्लू स्टिक, पांढरा गोंद फक्त कडांना, तोही कार्डाच्या तुकड्याने खरवडून पातळ केलेला. हॉट ग्लू फक्त देठांना. टिश्यूवर त्याची गाठ कायमची दिसते.

पिवळंपान

चौकोन ओला करून पाहिला, ग्रेन लांब बाजूलाच आहे. मनापासून आभार.

आता पानं आणि वटवाघळं. पानं तयार रंगीत कागदाची करू की रंगवू? आणि भिंतीचा रंग निघता कामा नये.

सुकीफांदी

खिडकीवर ऊन येत असेल तर स्वस्त खरखरीत रंगीत कागद नको. त्यातला रंग आणि लगदा दोन्ही उन्हात टिकत नाहीत, नारंगी बघता बघता मळकट पिवळा होतो. रंगवलेली पानं दिसतातही जास्त खरी.

रंगवायच्या आधी एक गोष्ट लक्षात घ्या. पानगळीत हिरवं द्रव्य मोडत जातं. पिवळा रंग पानात आधीपासून असतो, तो उघडा पडतो, आणि लाल बऱ्याच झाडांत त्या सुमाराला नव्याने तयार होतो. हिरवा पुष्कळदा शिरांच्या कडेने सर्वांत शेवटी जातो. म्हणून मधून पिवळं, कडेला लाल आणि शिरांलगत किंचित हिरवट असं पान पटकन पटतं. सगळी पानं एकाच नारंगीत काढली की माळ तोरणासारखी एकसुरी होते. दर दहा पानांत दोन-तीन तपकिरी घाला, त्यांनी बाकीचे रंग उठतात.

कृती: पांढऱ्या १६० जीएसएम कार्डावर पांढऱ्या मेणबत्तीच्या टोकाने शिरा काढा, जोर देऊन. कार्ड दोन्ही बाजूंनी ओलं करा (एकच बाजू ओली केली की ते वळतं), मग जलरंगाचा पिवळा पूर्णभर, तो ओला असतानाच कडेने लाल. मेणावर रंग धरत नाही, शिरा फिकट उमटतात. मागची बाजूही रंगवा, माळ फिरते आणि खिडकीबाहेरूनही दिसते. अर्धवट वाळल्यावर दोन कागदांमध्ये वजनाखाली रात्रभर. पान कापायचं ते त्यानंतर. आधी कापलं तर टोकं ओली होऊन पिळवटतात.

मेपलचं पान कापताना दोन पाळ्यांमधल्या खाचेत कात्री वळवू नका. बाहेरून आत एक काप, दुसऱ्या बाजूने दुसरा काप, दोन्ही तळाशी मिळवा. कात्री खाचेत फिरवली की कागद तिथे चोळामोळा होतो. मग मधली शीर संपलेल्या बॉलपेनने पुढून दाबा, बाजूच्या शिरा मागून. पानाला उठाव येतो.

माळेत ७-८ सेंमीचं पान १० सेंमीच्या अंतराने, दोन मीटरला वीस. प्रत्येक पानाला देठाजवळ शेजारी शेजारी दोन भोकं पाडा, ५ मिमी अंतरावर, आणि दोरा मागून पुढे, पुढून मागे असा घाला. एकाच भोकात ओवलेलं पान हमखास कड दाखवत फिरत राहतं.

वटवाघळं. १८ सेंमी पंखांचं १६० जीएसएमचं वटवाघूळ वजनाला जेमतेम एक ग्रॅम असतं, तेव्हा ते वजनाने पडत नाही. पंखांनाही टेप लावला जातो, कागद हवेतल्या दमटपणाने वळतो आणि टेप कडेकडेने सोलत जातो. चिकटवायचं ते फक्त अंग. मध्यावर घडी, तिच्या दोन्ही बाजूंना ८ मिमीवर एकेक दाबरेघ (घडी पडावी म्हणून न कापता दाबून काढलेली रेघ), पंख भिंतीपासून ३०-४० अंश उचललेले. ग्रेन अंगाच्या लांबीला समांतर ठेवा, नाहीतर दाबरेघेवर काळं कार्ड फुटतं. आणि कार्ड आतूनही काळं आहे ना ते कोपरा फाडून बघा. वरून छापलेलं असेल तर प्रत्येक घडीवर आणि कडेवर पांढरी रेघ दिसते.

भिंत आधी कोरड्या फडक्याने पुसा. टेप अनेकदा भिंतीला नव्हे, तिच्यावरच्या धुळीला चिकटलेला असतो. रंग वाचवायचा असेल तर फोम टेप थेट भिंतीवर नको. भिंतीवर आधी कमी चिकट मास्किंग टेपचा तुकडा, त्यावर फोम टेप, त्यावर वटवाघूळ. काढताना मास्किंग टेप भिंतीलगत मागे दुमडून सावकाश ओढा, सरळ बाहेर ओढू नका. नवा रंग लागलेल्या भिंतीवर हेही आधी दाराआडच्या कोपऱ्यात करून बघा.

तीन मापं करा, १८, १२ आणि ८ सेंमी. सगळ्यांची डोकी एकाच वळणाने, मोठी खाली दाट, लहान वर विरळ. काळ्या क्रेप पेपरची मात्र करू नका, त्याचा रंग ओलाव्याने भिंतीला लागतो.

दाबरेघ

जाळं राहिलं. तुकडे हातात येतात याचं कारण जवळजवळ नेहमी एकच: काप एका कडेपासून निघून दुसऱ्या कडेपर्यंत पोचतो.

२१ सेंमीचा चौरस घ्या, केंद्रातून चार वेळा निम्मा करत चला. शेवटी केंद्राचा कोन साडेबावीस अंश, थर १६. बाहेरचा कोपरा छाटून टाका, आणि टोक म्हणजे केंद्र हे पेन्सिलीने खूण करून ठेवा, घड्यांत ते हरवतं. आता एक कड धाग्यांची, दुसरी कड कापण्याची. कापण्याच्या कडेकडून खाचा काढा, धाग्यांच्या कडेला ४ मिमी सोडून थांबा. टोकापासून अडीच सेंमीवर पहिली खाच, खाच १० मिमी रुंद, मधली पट्टी ५ मिमी. खाच वक्र हवी: कापण्याच्या कडेला केंद्राच्या जवळ, धाग्याच्या कडेला लांब. उलट वक्र काढलात तर जाळं फुगलेलं, फुलासारखं दिसतं.

८० जीएसएमचे १६ थर दीड मिमीहून जाड होतात, कात्रीखाली आतले थर सरकतात. टिश्यू घ्या. साधाच कागद हवा असेल तर तीनच घड्या घाला आणि कटरने मधल्या मध्ये खिडक्या कापा, दोन्ही कडांना स्पर्श न करता. दोन्ही कडा धागे होतात, तीन घड्यांतही आठ धागे मिळतात आणि थर आठच राहतात.

उलगडल्यावर कोमट कोरडी इस्त्री, वर एक साधा कागद ठेवून.

मोजपट्टी

कंदील थोडक्यात. २२० जीएसएम काळं कार्ड, दोन शीट. प्रत्येकातून दोन भिंती: २१ सेंमी रुंदीत ९.७ + ९.७ आणि चिकटवायला १.६ ची पट्टी, उंची २२ सेंमी. घड्या उभ्या येतात, म्हणजे ग्रेनला समांतर. एकाच शीटमध्ये आडवे चार भाग पाडायचा मोह होतो. तिथे चारही घड्या ग्रेनच्या आडव्या येतात आणि कोपरे फुटून त्यातून उजेड गळतो.

प्रत्येक भिंतीला १.५ सेंमीची चौकट सोडून आकार कापा, घडी घालण्यापूर्वी, कार्ड सपाट असताना. आतला आकार सुटा पडत असेल (डोळ्यातलं बुबुळ, चंद्रासमोरचं वटवाघूळ) तर त्याला किमान ३ मिमीचा पूल ठेवा. आधी लहान खिडक्या, शेवटी मोठ्या. मोठी आधी कापली की उरलेलं कार्ड कटरखाली हलतं. मागून नारंगी टिश्यूचे दोन थर ग्लू स्टिकने.

आत फक्त बॅटरीचा एलईडी दिवा. मेणबत्ती किंवा पणती अजिबात नको, काचेच्या पेल्यात ठेवूनही नको. एलईडी पिवळसर प्रकाशाचा घ्या, पांढऱ्याशुभ्र प्रकाशात नारंगी टिश्यू मातकट दिसतो.

पिवळंपान

शेवटची शंका. १ नोव्हेंबरला सगळं उतरवायचं नाही, पानं आणि भोपळे महिनाभर राहावेत असं वाटतं. मग भोपळ्यांचे चेहरे?

खळवाला

चेहरा एकाच अंगाला लावा आणि १ तारखेला भोपळा फिरवून ठेवा. किंवा नाक-डोळे पक्के न चिकटवता प्रत्येकाच्या मागे मास्किंग टेपची उलटी गुंडाळी लावा. १६० च्या कार्डावरून ती सहज निघते. टिश्यूच्या भोपळ्याला मात्र तीही लावू नका, टिश्यू घेऊनच येईल. त्याचे डोळे कार्डाच्या चिंचोळ्या पट्टीवर चिकटवा आणि पट्टी जाळीच्या दोन खणांत खोचा.